डुइसबुर्गची बंद भट्टी, फुकटात (रिव्ह्यू जरा लांबलाय)

आधी कामाचं सांगून टाकतो, ज्यांना लांबड वाचायची नाही त्यांच्यासाठी. जागेचं नाव लांडशाफ्ट्सपार्क डुइसबुर्ग-नोर्ड, जर्मनीत डुसेलडोर्फच्या शेजारच्या डुइसबुर्ग गावात. तिकीट नाही. गेटवर कोणी विचारत नाही, रात्री-अपरात्री पण उघडं. नावात पार्क आहे म्हणून बाग समजून मुलाबाळांना चांगले कपडे घालून नेऊ नका, हा अख्खा बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आहे, ब्लास्ट फर्नेस (म्हणजे खनिजातनं लोखंड गाळायची उंच भट्टी) आणि चिमण्यांसकट जागच्या जागी सोडलेला, आणि तुम्ही त्याच्यावर चढू शकता. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल.

आता लांबड.

आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्रीवाली, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारी माणसं. २०१९ च्या जूनमध्ये गिफाला गेलेलो. गिफा म्हणजे फाउंड्रीवाल्यांची पंढरीच, डुसेलडोर्फला चार वर्षांतनं एकदा भरते, आणि त्या आठवड्यात गावात हॉटेलचे रेट असे काही वर जातात की मालकानं आकडा बघून आम्हाला सरळ डुइसबुर्गात टाकलं, रोज लोकलनं ये-जा. नंतर कळलं की हे बरंच झालं. माझ्याबरोबर मामा होते. नात्यानं मामा नव्हेत, पण आमच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यात, त्यांना मालक सुद्धा मामाच म्हणतात, तीस वर्षं मेल्टिंगवर, क्युपोलाच्या, म्हणजे जुन्या कोकवरच्या भट्टीच्या काळापासनं, आता विजेची इंडक्शन भट्टी आल्यावर पण मेटलचा रंग बघून टेंपरेचर सांगतात आणि पायरोमीटर नंतर तेच सांगतो, दहा-वीस डिग्री इकडं तिकडं. पहिलाच परदेश. बॅगेत जयसिंगपूरचं भडंग दोन किलो.

पाच दिवस एक्झिबिशन बघून मामा वैतागले होते. रोबोट मेटल ओततोय, वाळूचा साचा थ्रीडी प्रिंटरवर निघतोय, कॉम्प्युटरवर मेटल वाहताना दिसतंय, सगळं भारी आहे हो, पण मामा म्हणाले, "धूर न्हाई, वास न्हाई, कुणाचा हात काळा न्हाई. ही कसली फाउंड्री? दवाखान्यात आल्यागत वाटतंय." मला मात्र वेगळीच हौस होती. यूट्यूबवर ती पोरं बघता ना, रात्री कुंपणावरनं उड्या मारून पडक्या कारखान्यात शिरतात, टॉर्च, जुने कंट्रोल पॅनल, भिंतीवर वेल. मला तसलं काहीतरी बघायचं होतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, बिझनेस व्हिसावर आलायस, उडी मारायची हौस पंचगंगेच्या घाटावर फेड. बरोबरच होतं त्यांचं, तिथं कुंपण घातलेल्या जागेत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे पोलीस केस, आणि बंद प्लांटमध्ये काय काय असतं ते आपल्यालाच माहिती, गंजलेली जाळी पायाखालनं कधी जाईल सांगता येत नाही, ॲस्बेस्टॉस वेगळंच. तेवढ्यात हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पोरीनं ही जागा सांगितली. म्हणाली, सगळं तसंच पडक्यासारखं आहे आणि कायदेशीर आहे.

शनिवारी, एक्झिबिशनच्या शेवटच्या दिवशी दुपारीच सटकलो. त्या आठवड्यात युरोपात उष्णतेची लाट आलेली, पेपरात तेच, ट्राममध्ये जर्मन लोक घामाघूम होऊन एकमेकांकडं बघतायत आणि मामा फुल बाह्यांचा शर्ट घालून निवांत. ट्राम नंबर ९०३, डुइसबुर्गच्या मेन स्टेशनखालनं सुटते. इथं आमची पहिली चूक, ती तुम्ही करू नका. ट्रामवर पाटी होती ह्युटनहाइम. ह्युटं म्हणजे धातू गाळायचा कारखाना, हे पाच दिवस स्टॉलवर वाचून वाचून पाठ झालेलं, म्हणलं हीच असणार. बसलो. शेवटपर्यंत गेलो. उतरलो तर समोर खरोखरचा स्टील प्लांट, भिंत, गेट, वर वाफ, आणि मामांच्या तोंडावर पाच दिवसांत पहिल्यांदा हसू. "हेच की रं!" मी म्हणलं मामा, हा चालू आहे, आपल्याला बंद पडलेला बघायचाय. ते म्हणाले, "चालू असल्याला सोडून बंद बघायला कोण जातंय?" तर सांगायचं म्हणजे तुम्हाला डिन्सलाकेनकडं जाणारी ९०३ पाहिजे, ह्युटनहाइम बरोबर उलट्या बाजूला. आमचा तास गेला. बरोबर बसलात तर स्टेशनपासून वीसेक मिनिटं, स्टॉपचं नावच लांडशाफ्ट्सपार्क-नोर्ड, तिथनं थोडं चालायचं.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कळेना की नक्की जागा सुरू कुठनं होते. एकशे ऐंशी हेक्टर आहे सगळं मिळून. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला यावं तशी माणसं आलेली, कुत्री, सायकली, बाबागाड्या, एक नवरा-नवरी फोटो काढून घेतायत, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर तपकिरी गंजलेली भट्टी उभी, इतके पाइप की कुठला कुठं जातोय ते बघता बघता मान दुखते. कोणी रंग मारून चकाचक केलेलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. गंज आहे तसा. रुळांच्या मधनं झाडं उगवलेली, बर्च म्हणे ती पांढऱ्या खोडाची.

थोडी हिस्ट्री, कारण त्याशिवाय मजा नाही. आउगुस्ट थिसेन नावाच्या उद्योगपतीनं इथं मायडरिच भागात १९०१ ला कारखाना बांधायला घेतला, १९०३ ला पहिली भट्टी पेटली. खाली कोळसा, शेजारी ऱ्हाइन नदी, खनिज बोटीनं यायचं. एकूण पाच ब्लास्ट फर्नेस, आणि १९८५ पर्यंत मिळून ३ कोटी ७० लाख टन पिग आयर्न, म्हणजे भट्टीतनं निघणारं कच्चं लोखंड, काढलं. आता आपल्या लोकांना ह्यात रस का असावा, तर हा नुसता स्टील प्लांटला मेटल देणारा कारखाना नव्हता, वेगवेगळ्या ग्रेडचं स्पेशल पिग काढायचा, फाउंड्रीवाल्यांना लागतं तसलं सुद्धा, म्हणून ह्या कोळसा-लोखंडाच्या रूर पट्ट्यात ह्याला रूरचं औषधाचं दुकान म्हणायचे, जे पाहिजे ते मिळणार. आपल्याकडं कसं कोप्पळवरनं नाहीतर गोव्यातल्या आमोण्यावरनं पिग येतं आणि आपण सिलिकॉन किती, फॉस्फरस किती बघून घेतो, तसं. मामांना हे वाचून दाखवल्यावर त्यांचा सूर बदलला. म्हणजे ही आपल्याच लाइनीतली भट्टी.

बंद का पडला? माल खपेना म्हणून. युरोपात स्टील गरजेपेक्षा जास्त व्हायला लागलं, मग युरोपियन कम्युनिटीनं कोटा लावला, कुणी किती काढायचं ते वरनं ठरलं, आणि त्यात एप्रिल १९८५ ला ह्याचा नंबर लागला. वाईट म्हणजे पाच नंबरची भट्टी १९७३ ला नवी बांधलेली, बारा वर्षंच चालली. बारा वर्षं म्हणजे भट्टीचं वय काहीच नाही हो. मामा म्हणाले, "लगीन करून दिल्यालं पोरगं गेल्यागत हाय हे."

मग आठ-दहा वर्षं नुसतंच पडून. पाडायचा बेत होता, पाडायचाच खर्च भयंकर, आणि गावातली माणसं पण पाडू नका म्हणून उभी राहिली. तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या आता नाहीत, एक, दोन आणि पाच राहिल्या. पेटर लाट्झ म्हणून लँडस्केप आर्किटेक्ट, त्यानं स्पर्धेत डिझाइन जिंकलं, आणि त्याची आयडिया एवढीच की आहे ते काढू नका, त्यातनंच वाट काढा. १९९४ ला लोकांना खुलं झालं. हे किती नशिबाचं आहे ते कळायला शेजारचं डोर्टमुंड बघा, तिथला एक स्टील प्लांट २००० नंतर एका चिनी कंपनीनं विकत घेतला आणि बोल्ट न बोल्ट सोडवून बोटीत घालून नेला. जिथं प्लांट होता तिथं आता तळं आहे, काठाला महागडे बंगले.

आता आत बघण्यासारखं. सगळं सांगत बसत नाही, मला आणि मामांना जिथं थांबावंसं वाटलं तेवढंच.

एक म्हणजे बिडाच्या प्लेटांचा चौक. पियाझा मेटालिका असं झकपक इटालियन नाव ठेवलंय, पण आहे काय तर जिथं पिग ओतायचे तिथल्या जाड प्लेटा, एकेक दोन मीटरच्या वर लांब-रुंद, वजनाला काही टन, अशा ४९ प्लेटा उचलून सात बाय सातच्या चौकोनात मांडल्यात. वर्षानुवर्षं तेराशे डिग्रीचं मेटल अंगावर घेऊन त्यांचा पृष्ठभाग असा झालाय, भेगा, खळगे, कुठं वितळून गुळगुळीत, की पाच मिनिटं मी पण गप्प होतो. टुरिस्ट लोक मधे उभे राहून सेल्फी काढून जातात. मामा उकिडवे बसले आणि हात फिरवायला लागले, आणि प्लेट बघून सांगायला लागले, इथं धार पडत असणार, इथनं पुढं पळत असणार, ही कड सारखी तापून निवून फुटलीय, ही प्लेट नंतर बदललेली दिसतेय. एक जर्मन म्हातारा-म्हातारी थांबून बघायला लागली, त्यांना वाटलं असेल काही पूजा वगैरे चाललीय.

दुसरं, भट्टीचा कास्टिंग हॉल. पाच नंबरच्या भट्टीच्या पायथ्याशी जाता येतं, जिथं तोंड फोडून मेटल काढायचे तिथं. भट्टीच्या कमरेभोवती जाड पाइपचं कडं, त्यातनं खाली वाकलेल्या नळ्या भट्टीच्या पोटात, त्यातनं गरम वारं आत सोडायचे. आमच्या क्युपोलाला साधा ब्लोअर असायचा, गार हवा. इथं हवाच हजार-बाराशे डिग्रीला तापवून आत, त्यासाठी बाजूला ते घुमटाचे उंच सिलिंडर उभे आहेत, कौपर म्हणतात, आत विटांची जाळी, भट्टीचाच गॅस जाळून आधी विटा तापवायच्या, मग त्याच विटांवरनं हवा सोडायची, एक तापतोय तोवर दुसरा देतोय. मामांनी हे पाइप बोटानं हवेत ट्रेस करत करत मला समजावलं, बोर्ड न वाचता. चूक कुठंच नाही. फक्त एक गोष्ट त्यांना दिसेना. इकडं तिकडं बघत राहिले, मग म्हणाले, "ही लोकं चहा कुठं पीत असतील?"

इथं माझा अर्धा मार्क कापला. म्हणजे मशीन सगळं आहे, पण माणसाची खूण कमी दिसते. कुठं बसायचे, डबा कुठं ठेवायचे, शिफ्ट बदलताना कुठल्या दारातनं आत यायचे, भाजलं तर कुठं न्यायचे, ते आपल्याला शोधायला लागतं. गाइडेड टूर पण असतात, आम्ही घेतली नाही, त्यात कदाचित सांगत असतील. आणि आवाज नाही. चालू भट्टीशेजारी आपलाच आवाज आपल्याला येत नाही, इथं कबुतराचे पंख ऐकू येतात. ज्यानं चालू भट्टी कधी बघितली नाही त्याला हे देवळासारखं शांत, सुंदर वगैरे वाटेल. आम्हाला कान बसल्यासारखं झालं.

तिसरं, आणि ह्यासाठीच जायचं, भट्टीवर चढणं. पाच नंबरवर साधारण ७० मीटर उंचीपर्यंत जिना आहे. लिफ्ट नाही. जिना म्हणजे लोखंडी जाळीचा, पायाखालनं सगळं दिसतं. मला उंचीची भीती आहे हे मला तिसऱ्या मजल्यावर कळलं, तोपर्यंत मागं पाचसहा माणसं होती म्हणून परत फिरता येईना, मग कठड्याचा पाइप धरून, तो उन्हानं चटके देतोय, समोरच्याच्या बुटांकडं बघत बघत चढलो. मामा साठीच्या जवळ आलेत, पण वर पोचून ते भडंगाची पुडी सोडून बसले होते. कोणी अडवायला नाही, कोणी शिट्टी मारत नाही, फक्त कठडे भक्कम आहेत आणि जिथं जायचं नाही तिथं जाळी लावलीय, बाकी तुमची अक्कल. आपल्याकडं असं काही उघडलं तर पहिल्या रविवारी काय होईल ते डोळ्यासमोर आलं, प्रत्येक पाइपवर बाण काढलेलं हार्ट. इथं पण भिंतीवर रंग मारलेत पोरांनी, नाही असं नाही, पण भट्टी सोडलीय.

वरनं काय दिसतं? सपाट मुलूख. हिरवं हिरवं आणि मधे मधे कारखान्यांच्या चिमण्या. एका बाजूला लांब चालू प्लांट, वाफेचे ढग सोडतोय, म्हणजे डुइसबुर्गात लोखंड काढायचं काही थांबलेलं नाही, फक्त ते मोठ्या भट्ट्यांकडं गेलं, ऱ्हाइनच्या काठाला. दुसऱ्या बाजूला ओबरहाउझेनचा गॅसोमीटर, ११७ मीटर उंच डबा, त्यात आता प्रदर्शनं भरतात. खाण मात्र एकही चालू नाही, आम्ही जायच्या सहाच महिने आधी, डिसेंबर २०१८ ला, जवळच्या बोट्रोपमध्ये जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली. मामांना हे पटेना. कोळसा संपला का? नाही म्हणलं, खाली पडून आहे, बाहेरचा स्वस्त पडतो. ह्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग वरनं बोट दाखवून खनिज कसं चढवत असतील ते सांगायला लागले. तिरका ट्रॅक आहे, त्यावरनं डबे वर यायचे, एक टन मेटलला साधारण दीड टन खनिज, वर कोक, चुनखडी, दिवसरात्र, कारण ही भट्टी आपल्या इंडक्शनसारखी बटण दाबून बंद करता येत नाही. एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटलेलीच, थंड पडली तर आतलं मेटल आतच गोठून अख्खा गोळा बसतो. क्युपोलात आमच्याकडं एकदा लाइट गेल्यावर असं झालेलं, चार दिवस छिन्नी-हातोड्यानं फोडत होते, मामांच्या हातावर अजून खूण आहे. ती खूण त्यांनी ७० मीटरवर एका अनोळखी पोलिश पोराला दाखवली. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती पण त्या पोराचा बाप पण बहुतेक ह्याच लाइनीतला असावा, त्यानं लगेच स्वतःचा हात हलवून तोंड फोडायची ॲक्शन केली.

खाली उतरताना जास्त भीती वाटते. सांगून ठेवतो. चप्पल घालून जाऊ नका, जाळीत अडकते.

खाली खनिज साठवायचे बंकर आहेत, जाड काँक्रीटच्या उंच उंच खोल्या, वरनं उघड्या. हे सगळ्यात डोकेबाज वाटलं मला. काही बंकरमध्ये बागा केल्यात, बाहेरनं किल्ल्याच्या भिंतीसारखं आणि आत डोकावलं तर नेच्याची झाडं, फुलं. काहींच्या भिंती जर्मन अल्पाइन क्लबच्या लोकांनी चढाईसाठी घेतल्या, आपले सह्याद्रीत दोर लावणारे लोक तिथं गेले तर संध्याकाळपर्यंत बाहेर यायचे नाहीत. एका भिंतीला आरपार भोक पाडून पोरांसाठी घसरगुंडीची नळी. मामांनी जायचा विचार केला, पँटकडं बघितलं, आणि राहू दे म्हणाले.

आणि गॅसची टाकी! भट्टीतनं निघणारा गॅस साठवायची ४५ मीटर व्यासाची गोल टाकी होती, ती त्यांनी पाण्यानं भरली, दोन कोटी लिटरच्या वर पाणी, १३ मीटर खोल, आणि आत बुडालेली बोट, विमानाचे तुकडे वगैरे टाकून स्कूबा डायव्हिंग शिकवतात. समुद्र तिथनं कितीतरी लांब. आम्ही बाहेरनं बघितलं, त्याला पैसे पडतात आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाहिजे. मामांचं म्हणणं, एवढी टाकी रिकामी असती तर आम्ही वाळू भरली असती. पलीकडं पॉवर हाउसचा हॉल, १७० मीटर लांब, तिथं आता मोठे कार्यक्रम होतात, आम्ही गेलो तेव्हा काहीतरी खाजगी चाललेलं, आत सोडलं नाही. उन्हाळ्यात एका कास्टिंग हॉलमध्ये सिनेमे पण दाखवतात. खायला, बसायला जुन्या स्विच हाउसमध्ये रेस्टॉरंट आहे, आम्ही कॉफी घेतली, बरी होती, सोबत भडंग लपवून खाल्लं.

कारखान्यातनं एक पाण्याचा पाट जातो, त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही जुनी एमशर नदी. ह्या भागात खाणींमुळं जमीन खचायची, जमिनीखाली ड्रेनेजचे पाइप टिकायचे नाहीत, म्हणून शंभरेक वर्षं अख्ख्या पट्ट्याची घाण उघड्या एमशरमधनंच वाहायची, नदीलाच गटार करून टाकलेलं. खाणी हटल्या, जमीन थांबली, मग घाण पाइपात घालून खाली घेतली आणि वर पावसाचं स्वच्छ पाणी सोडलं. आता त्यावर बदकं. इचलकरंजीचा, कोल्हापूरचा माणूस हे वाचताना काय विचार करणार ते मला माहिती आहे, पंचगंगेचं नाव मी काढत नाही. फक्त एवढंच की हे बदकांसाठी आपोआप झालेलं नाही, खणून, पैसे घालून केलंय, आणि आम्ही गेलो तेव्हा एमशरचं काम त्यांचं चालूच होतं.

आता लाइटिंग. शनिवार-रविवार जात असाल तर अंधार पडेपर्यंत थांबाच. जूनमध्ये तिथं सूर्य पावणेदहाच्या पुढं मावळतो, त्यामुळं आम्ही अक्षरशः वेळ काढत बसलो, मामा एका बाकावर आडवे झाले आणि झोपले पण. जोनाथन पार्क म्हणून ब्रिटिश डिझायनर, रॉक शोचे स्टेज करणारा, त्यानं १९९६ ला ही लाइटिंग केली. भट्टी लाल, कौपरवर हिरवा-निळा, चिमण्यांना वेगळा. दिवसा जे भंगार वाटत होतं ते रात्री वेगळंच दिसतं, फोटोवाले तिपाया लावून रांगेनं उभे. मी खरं सांगू का, फोटोत भारी येतं, डोळ्यांना जरा भडक वाटलं. मला संध्याकाळी साडेआठ-नऊचं तिरपं ऊन पडलेलं तेव्हाची भट्टी जास्त आवडली, गंजाला नुसता सोन्यासारखा रंग. पण लाल लाइट जिथं भट्टीच्या पोटावर खालनं पडतो, तिथं एक क्षण असं वाटलं की टॅपिंग चाललंय, म्हणजे तोंड फोडून मेटल काढतायत. मामा जागे झाले ते हे बघूनच. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.

जायचं असेल तर पाणी घेऊन जा, आत अंतरं मोठी आहेत, निदान चार तास हातात ठेवा, आम्ही सात तास काढले. दुपारी चारला पोचा, उजेडात चढून या, मग खाली भटका, मग लाइट. लहान मुलं खूश होतील, फक्त भट्टीवर त्यांचा हात सोडू नका. ज्यांना नीट ओळीनं मांडलेलं म्युझियम पाहिजे, तिकीट, ऑडिओ गाइड, त्यांनी शेजारच्या एसेनला झोलफराइनची खाण बघावी, ती युनेस्कोच्या यादीत आहे. ज्यांना माझ्यासारखी कुंपणावरनं उडी मारायची हौस आहे, त्यांची हौस इथं सत्तर टक्के तरी भागेल. उरलेली तीस टक्के म्हणजे पोलिसांनी पकडायची भीती, ती इथं मिळत नाही.

निघताना साडेदहा वाजून गेलेले. मामांनी फोन काढला आणि शॉपवर व्हिडिओ कॉल लावला. मी म्हणलं अहो तिकडं रात्रीचे दोन वाजलेत. म्हणाले, "मग नाइट शिफ्ट हाय की." भट्टीवरच्या पोरानं उचलला, मागं फर्नेसचा गुंगुं आवाज, सात तासांत पहिल्यांदा कानाला काहीतरी बरं लागलं. मामांनी फोन फिरवून सगळं दाखवलं.

"मामा, ते हिरवं-निळं काय लावलंय? गणपती बसलाय काय तिकडं?"

"ब्लास्ट फर्नेस हाय ती. सत्तर मीटर. मी वर जाऊन आलोय."

"आणि मानसं कुठं हायत?"

"न्हाईत. बंद हाय. पंच्याऐंशी सालापासनं."

पोरगं थोडा वेळ बघत राहिलं. मग म्हणालं, "बंद हाय तर मग लाइट कशाला लावलीया?"

मामांनी भट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तू फोन ठेव," म्हणाले, "आणि टेंपरेचर बघ आधी."